गाड्यांचा जाच नसलेले सायकलचे रस्ते सुचवा (पुणे आणि आसपास, बाकीच्यांनीही लिहा)

उशिराचा_लाभ (शनिवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी,

वय ५१. शाळा-कॉलेजात सायकल होती, मग स्कूटर आली, मग चारचाकी आली, मग पोट आलं. गेल्या दिवाळीत डॉक्टरांच्या कृपेने पुन्हा सायकल आली. साधी हायब्रिड आहे, २१ गिअरची, त्यातले मी पाच-सहाच वापरतो.

वर्षभर सिंहगड रस्त्याने खडकवासल्यापर्यंत जाऊन येतोय. जाताना बरं असतं, साडेसहा वाजलेले असतात. परत येताना मात्र पाण्याचे टँकर, डंपर, शाळेच्या बस आणि आपल्याच तंद्रीतले दुचाकीवाले. परवा एका टँकरने कानाशी असा हॉर्न मारला की मी सायकलसकट गटाराच्या झाकणावर उतरलो. घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "एवढीच हौस असेल तर जा, पण पंचनाम्याला मी येणार नाही."

तर हवंय काय: ४० ते ६० किलोमीटर, डांबरी, खेड्यापाड्यातून जाणारा, चढ असला तरी जीवघेणा नको, मध्ये कुठेतरी चहा. वेगाची हौस नाही. पाखरांचा आवाज ऐकू यावा इतपत शांतता पुरे. वीकेंडला दोन्ही दिवस मोकळा असतो.

---

मागचं_चाक (९:४४)

रुमाल टाकून ठेवतो.

---

सासवडी_अंजीर (१०:०२)

बोपदेव घाटाने या की आमच्याकडे. कोंढव्याच्या बाजूने निघालात तर सासवड वीसेक किलोमीटर पडतं. घाट लहान आहे, पण सुरुवातीलाच छाती भरते. वर आलात की भिवरी, चांबळी, आणि उतारच उतार. दिवे घाटाच्या वाटेला जाऊ नका, पालखी मार्गाच्या रुंदीकरणाचं काम आणि धूळ.

मात्र बोपदेवलाही आता गर्दी वाढली आहे, साडेपाचला निघायची तयारी असेल तरच. खरी मजा सासवडच्या पुढे. कोडीतच्या बाजूने नारायणपूर, तिथून केतकावळे, कापूरहोळ. पुरंदर किल्ला डाव्या हाताला ठेवून अख्खा रस्ता. फक्त गुरुवारी आणि पौर्णिमेला येऊ नका, दत्ताच्या दर्शनाला निम्मं पुणे नारायणपुरात असतं.

सीझनला दिव्याची अंजिरं मिळतात रस्त्याकडेला. सायकलवर अंजिरं बांधून आणायची नाहीत. घरी जॅम पोहोचतो. स्वानुभव.

---

कडेकपारी (१०:३१)

धागाकर्त्याचा राग नाही, पण एक विनंती: जे रस्ते खरोखर शांत आहेत ते कृपया इथे लिहू नका. आधी ताम्हिणीचं काय झालं ते बघा. १५ वर्षांपूर्वी श्रावणात ताम्हिणीत सायकल घेऊन गेलं की दिवसभरात माणगावची एस.टी. आणि दोन-चार ट्रक. आता पावसाळ्यातल्या रविवारी तिथे कोंडी होते, गाडीची दारं उघडी टाकून गाणी, कणसांचा खच. कासला फुलं बघायला आगाऊ नोंदणी करावी लागते. हे सगळं कुणीतरी 'छुपा स्पॉट' म्हणून लिहिल्यामुळेच झालंय.

प्रत्येकाने आपला रस्ता आपण शोधावा. चुकावं, परत यावं. त्यातच गंमत आहे.

---

मागचं_चाक (१०:३३)

आता धागा पळणार. शेंगदाणे घेऊन बसतो.

---

पेडलवाली (११:१५)

कडेकपारी, तळमळ पोहोचली. पण "चुकावं, परत यावं" हे बाईच्या बाबतीत इतकं सोपं नसतं हो. मी एकटी सायकल चालवते. अनोळखी रस्त्यावर निघण्याआधी मला माहीत असावं लागतं की दर दहा किलोमीटरला गाव आहे का, मोबाईलला रेंज आहे का, आणि (सांगायला संकोच कशाला) आडोसा कुठे मिळेल. ही माहिती कुणीतरी लिहिलेली असते म्हणून मी घराबाहेर पडू शकते. तुमची गंमत ती माझी चिंता.

लाभकाका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: पौड – कोळवण – हाडशी – जवण – तिकोना पेठ. पौडपर्यंत रहदारी आहे, ती चुकवता येत नाही. पण पौडला हमरस्ता सोडून कोळवणकडे वळलात की पाच मिनिटांत कान मोकळे होतात. वाळकी नदीचं खोरं, दोन्हीकडे भातखाचरं, गावं जवळजवळ. हाडशीच्या पुढे थोडा चढ आहे, मग पलीकडे पवनेचं पाणी आणि समोर तिकोना. दमलात तर तिकोना पेठेतून परत फिरा. दम असेल तर पवनानगर करून बेडसे लेण्यांच्या फाट्यावरून कामशेतला उतरा.

---

कडेकपारी (११:१९)

झालं. लिहिलंत.

---

नकाशावाचक (रविवार, सकाळी ७:०५)

एकेक रस्ता सांगण्यापेक्षा रस्ता शोधायची रीत सांगतो, म्हणजे कडेकपारींचंही समाधान होईल.

पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या धारेपासून पूर्वेकडे डोंगराच्या रांगा हाताच्या बोटांसारख्या पसरल्यात. दोन बोटांमधली जागा म्हणजे एकेक मावळ किंवा खोरं. गुंजण मावळ, हिरडस मावळ, वेळवंड खोरं, मुठा खोरं ही नावं इतिहासाच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेली असतात, पण ती सायकलवाल्याच्या फार कामाची आहेत. कारण बहुतेक खोरी पश्चिमेला घाटमाथ्यावर जाऊन संपतात. गाडीरस्ता तिथेच थांबतो, खाली कोकणात उतरते ती फक्त पायवाट. जो रस्ता पुढे कुठेच जात नाही त्यावर त्या खोऱ्यातल्या लोकांशिवाय कोण येणार? ताम्हिणी आणि वरंध याला अपवाद, म्हणून तिथे गर्दी.

दुसरी खूण धरणाची. धरणाला दोन काठ असतात. एका काठाला रिसॉर्टं, टेंट आणि 'लेक व्ह्यू' मिसळ असते. तुम्ही दुसऱ्या काठाने जायचं. भाटघरच्या मागे वेळवंड खोऱ्यात एकदा जाऊन बघा. धरण इंग्रजांच्या काळातलं, लॉईड साहेबाच्या नावाचं, आता येसाजी कंक जलाशय म्हणतात. भोरपासून आत गेलात की तासातासाला एखादी जीप दिसते.

तिसरी खूण मैलाच्या दगडाची. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, पळा. हिरवं असेल तर राज्यमार्ग, वेळ बघून जा. केशरी दिसलं की तो ग्रामसडक योजनेतला रस्ता, खुशाल शिट्टी वाजवत जा.

---

सासवडी_अंजीर (७:२०)

केशरी दगडाची खूण एक नंबर. फक्त कधीकधी दगड असतो आणि रस्ता पावसात गेलेला असतो.

---

बांधावरचा (८:४८)

गेले काही वर्षं इथे नुसता वाचतो, आज लिहितो. मी वेल्हे भागातला. तुम्ही लोक ज्याला शांत रस्ता म्हणता त्यावरच माझं घर.

आमच्या गावाला डांबर आलं तेव्हा मी कॉलेजला होतो. त्याआधी पावसाळ्यात कोणी आजारी पडलं तर डोलीत घालून फाट्यापर्यंत न्यायचं. माझी चुलती अशी नेली होती, चौघे जण, वर घोंगडी, खाली चिखल. त्यामुळे रस्त्यावर गाड्या वाढल्या की तुम्हाला वाईट वाटतं आणि आमच्या आईला बरं वाटतं. दोघांचंही खरं.

कडेकपारी साहेब, रस्ता तुम्ही लपवला म्हणून लपत नाही. आमच्याकडे प्लॉटिंगवाले सायकलवाल्यांच्या आधी पोचले. त्यांना धागा वाचायला लागला नाही.

बाकी सायकलवाल्यांचा आम्हाला काही त्रास नाही. हात करतात, चहा पितात, जातात. एकच सांगणं. पंधरा जणांनी रंगीत कपडे घालून रस्ता अडवून गप्पा मारत जाऊ नये. मागे दुधाची गाडी असते, डेअरीला वेळ असते, पाच मिनिटं चुकली की दूध परत.

आणि पाबे घाटाने येणार असाल तर ब्रेक बघून या. खानापूर-रांजणेकडून चढ आहे तोवर देव आठवतो, उताराला सासरे आठवतात.

---

पेडलवाली (८:५५)

बांधावरचा, प्रतिसाद फार आवडला. लिहीत राहा.

(सासरे का पण?)

---

बांधावरचा (९:०१)

त्यांनी मोटरसायकल दिली होती ती विकून सायकल घेतली.

---

मागचं_चाक (९:०२)

🙏🙏🙏

---

ब्रेवेवीर (१०:१०)

४० ते ६० किलोमीटर ही राईड नाही, वॉर्मअप आहे. काका, ब्रेवेला (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राईडला) या. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, पहिल्या प्रयत्नात जमतं. एकदा २०० झाले की ३००, ४००, ६००. मग पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस: १२०० किलोमीटर, ९० तास. रस्त्याच्या गर्दीचं म्हणाल तर पहाटे तीनला महामार्गावर कोणी नसतं.

---

उशिराचा_लाभ (१०:२५)

पहाटे तीनला मीही नसतो.

---

सड्यावरून (११:४०)

रत्नागिरीकडची हजेरी. आमच्या सागरी मार्गाचं कोणी नाव काढत नाही म्हणून लिहितो.

मुंबई-गोवा महामार्गाबद्दल न बोललेलं बरं. पण किनाऱ्याने येणारा रस्ता निराळा. तो शांत का आहे याचं कारण गमतीशीर आहे: खाड्या. आगरदांडा-दिघीला राजपुरी खाडी, बागमांडला-वेसवीला सावित्री, दाभोळ-धोपाव्याला वाशिष्ठी, तवसाळ-जयगडला शास्त्री. चारही ठिकाणी गाडी जंगलजेटीत घालून पलीकडे जायचं. लांब पल्ल्याचे ट्रक इकडे फिरकतच नाहीत, कोण तासभर बोटीची वाट बघणार? सायकलवाल्याला मात्र बोट म्हणजे फुकटची विश्रांती. चार पैशांचं तिकीट, सायकल कठड्याला टेकवायची, आणि पाण्याकडे बघत पाय मोकळे करायचे. तवसाळला एकदा बोट नुकतीच सुटली होती. धक्क्यावर एकटा मी आणि कोळंबीच्या टोपल्या घेतलेली एक आजी. तिने विचारलं, "खयसून इलास?" म्हटलं, आजी, तुम्ही मालवणकडच्या काय? म्हणाली, माहेर तिकडचं, पन्नास वर्षं झाली, जिभेवरून जात नाही. अर्धा तास कसा गेला कळलं नाही.

आता या खाड्यांवर पूल होणार आहेत, रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचे. ज्याला हा रस्ता आहे तसा बघायचाय त्याने लांबणीवर टाकू नये.

इशारा: कोकणात सपाट रस्ता म्हणजे फक्त पूल. बाकी सगळं सड्यावर चढा, खाडीत उतरा, परत सड्यावर चढा. जांभ्याच्या सड्यावर मार्चनंतर सावलीला झाड नाही. आरे-वारेचा उतार मात्र... जाऊ दे, कडेकपारी वाचतायत.

---

कडेकपारी (११:५२)

वाचतोय. आरे-वारे आता लपण्यासारखं राहिलेलं नाही, लिहा बिनधास्त.

---

तांबडा_पांढरा (दुपारी १२:३०)

कोल्हापूरकरांनी काय पाप केलंय? गारगोटी ते पाटगाव, तीसेक किलोमीटर. पुढे जंगल, मागे धरण, मध्ये मधाचं गाव. पाटगावात मध घ्यायचा आणि मौनी महाराजांच्या मठात बसायचं, तिथे तरी कोणी हॉर्न मारत नाही.

परत आल्यावर दोन्ही रस्से. जेवढ्या कॅलरी गेल्या त्याच्या दुप्पट यायला पाहिजेत, तरच राईड झाली म्हणायचं.

---

वऱ्हाडी_वेग (१२:५८)

वर्धा – सेवाग्राम – पवनार. सपाट. धाम नदी. संपलं. चढ शोधायला तुम्हाला बाहेरगावी जावं लागेल.

पण एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत घरी. आणि पावसात काळ्या मातीच्या कच्च्या रस्त्याला चाक लावायचं नाही. पन्नास फुटांत माती मडगार्डात गच्च बसते, मग सायकल तुम्हाला नाही, तुम्ही सायकलला खांद्यावर घेऊन येता.

---

पेडलवाली (दुपारी ३:२०)

पंक्चरचा विषय कोणी काढला नाही अजून, म्हणून मीच काढते. शांत रस्त्यावर दुकान नसतं हे लक्षात ठेवा. आणि खेड्यातल्या रस्त्याकडेला वेडी बाभूळ आणि सराटे, दोन्ही मुबलक.

मागच्या वर्षी सासवडच्या पुढे एका वाडीत मागचं चाक बसलं. जादाची ट्यूब होती, पण तीही आधीच्या राईडला पंक्चर झालेली तशीच पिशवीत ठेवली होती (हसू नका). पॅच होते, पण भोक सापडेना. हवा भरून ट्यूब गालाजवळ धरतेय, काही कळेना, वारा सुटलेला. समोरच्या घरातल्या आजी ओट्यावरून बघत होत्या. काही न बोलता आत गेल्या आणि परातीत पाणी घेऊन आल्या. भाकरीची परात, कडेला पीठ अजून लागलेलं. म्हणाल्या, "बुडव की. आमचे हे असंच करायचे." ट्यूब फिरवत गेले, आणि व्हॉल्व्हच्या जवळच सुईएवढे बुडबुडे, एकामागोमाग एक. आजींनी तिथे बोट ठेवलं ते मी पुसून, घासून, पॅच लावेपर्यंत उचललं नाही. मग टायर आतून चाचपायला लावला, काटा तसाच राहिला तर पुन्हा बसेल म्हणून. होताच. नखाने निघेना, त्यांनी डोक्यातली पिन काढून दिली.

त्यांचे 'हे' पोस्टात होते. तीस वर्षं सायकलवर टपाल वाटलं. आजींनी मला विचारलं, "तू काय वाटतेस?" म्हटलं, काही नाही आजी, नुसतीच फिरते. यावर त्या खूप वेळ हसत होत्या.

---

नकाशावाचक (३:४१)

"तू काय वाटतेस?" 👌 हे माझ्या घरचेही विचारतात, वेगळ्या सुरात.

---

मागचं_चाक (३:४५)

पेडलवाली, परातीतल्या पाण्याचं पुढे काय झालं? भाकऱ्या त्याच परातीत झाल्या का?

---

पेडलवाली (३:५०)

परात तुळशीत रिकामी झाली. पुढचं विचारायची हिंमत नव्हती.

---

ब्रेवेवीर (४:१५)

ट्यूबलेस लावा. विषय संपला.

---

सासवडी_अंजीर (४:२२)

विषय संपला असता तर आजी भेटल्या नसत्या.

---

भुभु_भयग्रस्त (सायं. ५:०५)

कुत्र्यांचं काय करता? मी वाघोलीच्या पुढे दोनदा पाठलाग सहन केलाय. दोन्ही वेळा माझा सर्वोच्च वेग तिथेच नोंदला गेला.

---

बांधावरचा (५:३०)

पळायचं नाही. उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा, आणि चालायला लागा. नुसतं खाली वाकून दगड उचलल्यासारखं केलं तरी गावातलं कुत्रं थांबतं. त्याला फिरणाऱ्या पायांचा राग असतो, माणसाचा नसतो.

धनगराच्या कळपाची कुत्री मात्र वेगळी. तिथे वाकूबिकू नका. लांबूनच धनगराला हाक मारा, तो शीळ घालतो. मेंढरं रस्ता ओलांडेपर्यंत उभं राहायचं. घाई कसली आहे?

---

भुभु_भयग्रस्त (५:३४)

आणि धनगर लांब असेल तर?

---

बांधावरचा (५:३६)

मग ब्रेवे.

---

सखल_प्रदेश (रात्री ८:१०)

आइंडहोवनहून. इथल्या सायकलमार्गांचं कौतुक करायला आलो नाही, त्याने घरचे लोक चिडतात हे अनुभवाने कळलंय. पण एक गोष्ट उपयोगी वाटेल.

इकडे गावाकडच्या सायकलरस्त्यांवर प्रत्येक तिठ्याला-चौकाला एक आकडा असतो. घरून निघताना कागदावर आकडे लिहायचे: २३, ४१, ७, ५६. पाटी बघत जायचं, नकाशा उघडावाच लागत नाही. ही कल्पना आमची नाही, शेजारच्या बेल्जियममधली. तिथल्या लिंबुर्गमध्ये खाणीतल्या एका इंजिनिअरने १९९५ च्या सुमारास ती आणली. खाणीतल्या बोगद्यांच्या तिठ्यांना आकडे असतात, तसेच वर रस्त्यांना दिले.

आपल्याकडे ग्रामपंचायतींनी नुसते आकडे रंगवले तरी लोक हमरस्ता सोडून आतून जातील असं वाटतं.

---

सासवडी_अंजीर (८:२५)

आमच्या चौकात आकडा रंगवला तर दुसऱ्या दिवशी त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लागेल.

---

कडेकपारी (८:३१)

आणि तिसऱ्या दिवशी '४१ नंबर मिसळ हाऊस'.

---

सखल_प्रदेश (८:३३)

हे मात्र मी इथे बसून फार मिस करतो. इथे ४१ नंबरला फक्त वारा असतो, आणि तो कायम समोरून असतो.

---

नीराकाठ (सोमवार, सकाळी ६:५०)

बारामती भागातून एक जरुरीची सूचना, सगळ्यांनी वाचा.

आमच्याकडे सगळ्यात निवांत रस्ता म्हणजे नीरा डाव्या कालव्याच्या कडेचा. मुरमाचा आहे, बारीक टायर चालणार नाही, पण चढ नाही, झाडी आहे, पाटाचं पाणी वाहत असेल तर हवासुद्धा गार. मी लहानपणापासून त्यावर फिरतोय.

पण एकदा दिवाळी झाली की कारखाने सुरू होतात. मग होळीपर्यंत गावागावांतून ऊस निघतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यावर ऊस मागे पाच-सहा फूट बाहेर आलेला, मागे लाल दिवा नाही, पुढे गाण्यांचा आवाज एवढा की ड्रायव्हरला काही ऐकू येत नाही. तीन वर्षांपूर्वी संध्याकाळी साडेसहाला, दिवस मावळताना, मी डांबरी रस्त्याने घरी येत होतो. समोर ट्रॉली उभी होती, चाक बदलत होते. मला ट्रॉली दिसलीच नाही, उसाची वाढी तोंडावर लागली तेव्हा कळलं. गालावर सात टाके पडले. नशीब, वेग नव्हता. ट्रॉलीवाल्यांनीच मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. तेही ऊसतोडीचे, बीडकडचे, पोरगा विशीतला. माझ्यापेक्षा तोच जास्त घाबरला होता.

तर सीझनमध्ये अंधार पडायच्या आत घरी. पुढे-मागे दिवे, उजेड असला तरी चालू. शांत रस्त्यावर माणूस बेसावध होतो, हमरस्त्यावर नसतो.

---

उशिराचा_लाभ (६:५८)

बाप रे. आजच मागचा दिवा घेतो.

---

पेडलवाली (७:१०)

शेवटचं वाक्य अगदी खरं. मीही पडले ती दोन्ही वेळा रिकाम्या रस्त्यावर.

---

उशिराचा_लाभ (पुढचा रविवार, दुपारी १:१५)

मंडळी, वृत्तांत.

शनिवार-रविवार काय काय करायचं यावर आठवडाभर विचार केला. वेळवंड खोरं लांब वाटलं, बोपदेवचा चढ बघून छातीने नकार दिला. शेवटी पेडलवालींचा रस्ता घेतला. पौडपर्यंतची रहदारी नको म्हणून सायकल गाडीच्या डिकीत घातली (चाक काढावं लागलं, ते परत बसवायला वीस मिनिटं लागली, दोन गुराखी मार्गदर्शन करत होते).

हो, शांततेसाठी मोटारीने गेलो. आधीच सांगतो, म्हणजे टोमणे मारायचे श्रम वाचतील.

सात वाजता पौड सोडलं. कोळवणच्या रस्त्याला वळलो आणि पहिल्या दोन किलोमीटरमध्ये काहीतरी बिघडलंय असं वाटायला लागलं. मागून कर्रकर्र आवाज. थांबलो, बघितलं, काही नाही. पुन्हा निघालो, पुन्हा कर्रकर्र. मग लक्षात आलं, ही माझीच चेन. वर्षभर अशीच वाजत असणार, सिंहगड रस्त्यावर कधी ऐकूच आली नव्हती.

खोऱ्यात भातकापणी चालू आहे. धुकं होतं, पेंढ्याचा वास, कुठे कुठे झोडणीचा धपधप आवाज. कोळवणच्या पुढे एका वाडीजवळ निम्म्या रस्त्यावर भात वाळत घातलेलं. लांबच लांब, एक गाडी जाईल एवढी जागा सोडून, कडेला दगड मांडलेले. एक बाई अनवाणी पायांनी रेघा ओढत ते खालीवर करत होत्या. मी बघत राहिलो आणि बघता बघता पुढचं चाक दगडाला लागून सरळ भातात गेलो. पडलो नाही, पण हातभर लांब पट्टा उमटला. बाईंनी कमरेवर हात ठेवले. म्हटलं, माफ करा ताई, लक्ष नव्हतं. म्हणाल्या, "लक्ष कुठं होतं ते दिसलं. आता उतरलाच आहात तर त्या टोकापर्यंत पाय फिरवत जा." बूट काढले, मोजे काढले आणि गेलो. भात पायाला टोचतं हे मला ५१ वर्षांत माहीत नव्हतं. त्या टोकाला त्यांचे सासरे होते, त्यांनी माझ्या रेघा बघितल्या, काही बोलले नाहीत, आणि मागोमाग येऊन सगळ्या परत ओढल्या.

ताक मिळालं. पैसे घेतले नाहीत. चार किलो इंद्रायणी नवीन निघाली की घेऊन जायचं ठरलंय, गाडीने.

हाडशीच्या पुढच्या चढावर दोनदा उतरलो. खिंडीतून पवनेचं पाणी दिसलं तेव्हा तिथेच बसलो, केळं खाल्लं. तिकोना पेठेत चहा आणि परत. जाऊन-येऊन पन्नासच्या आसपास. परतीच्या वाटेवर हाडशीकडे येणाऱ्या गाड्या सुरू झाल्या होत्या, साडेदहानंतर रस्ता वेगळाच होतो. तेव्हा जाणाऱ्याने लवकर जावं.

दगड बघितले का? बघितले. बहुतेकांचा रंग उडालाय.

---

नकाशावाचक (१:२२)

वा! वाचनखूण साठवली.

---

सासवडी_अंजीर (१:३०)

चेनला तेल घाला आधी.

---

बांधावरचा (१:४१)

बरं केलंत उतरलात ते. भातात चाक घालून तसेच पुढे जाणारे बघितलेत.

---

ब्रेवेवीर (१:४५)

ॲव्हरेज स्पीड किती आला?

---

उशिराचा_लाभ (१:४७)

अनवाणी पट्टा धरून की सोडून?

---

कडेकपारी (२:१०)

आता कबूल करायला हरकत नाही. मी पहिल्या दिवशी जो रस्ता लिहू नका म्हणत होतो तो हाच. अकरा वर्षं दर महिन्याला जातोय, कुणाला सांगितला नव्हता. पेडलवालींनी तासाभरात फोडला.

लाभ साहेब, त्या वाडीतलं भात अजून आठवडाभर तरी रस्त्यावर असेल. मी बुधवारी जाणार आहे. येणार का?

---

उशिराचा_लाभ (२:१३)

बुधवारी ऑफिस. गुरुवारी सुट्टी टाकतो, चालेल?

---

कडेकपारी (२:१४)

चालेल. सव्वासहा, पौड एस.टी. स्टँड. डिकीत पाना ठेवा.

---

मागचं_चाक (२:१६)

मीही येऊ का? हाडशीत चहा मिळतो का तेवढं सांगा.